नवजात बाळाच्या हाताची इजा, पाठीचा कणा आणि कायरोप्रॅक्टिक

गेल्या काही वर्षांत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. जन्मतःच एक हात लुळा पडलेल्या बाळाला घेऊन आईवडील येतात, सोबत बहुधा आजी असते, आणि तपासणी आटोपल्यावर आजी हळूच विचारतात, "डॉक्टर, मानेचे मणके जागेवर बसवणारा कोणी असतो म्हणे, त्याच्याकडे बाळाला नेऊ का?" पूर्वी हाच प्रश्न हाडवैद्याविषयी असे. आता त्याची जागा कायरोप्रॅक्टर या शब्दाने घेतली आहे. आपल्या बडोद्यातील अनेक मराठी घरांतून मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. तिकडे सर्व ५० राज्यांत कायरोप्रॅक्टर परवानाधारक असतो, पाठदुखीसाठी शेजारीपाजारी त्याच्याकडे जातात, आणि तोच सल्ला फोनवरून इकडे येतो. शिवाय मान कडकन वाजवणाऱ्या चित्रफिती आता प्रत्येकाच्या मोबाईलवर आहेत. तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला हसून वाटेस लावणे योग्य नव्हे. त्याला नीट उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते उत्तर समजण्यासाठी प्रथम इजा कोणती आहे हे समजून घ्यावे लागते.

मानेतील मज्जारज्जूपासून निघणारी पाच मुळे, म्हणजे मानेची पाचवी, सहावी, सातवी, आठवी आणि छातीचे पहिले, कॉलरबोनच्या मागे एकमेकांत गुंफली जातात. या गुंफणीला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंतची सारी हालचाल आणि संवेदना येथूनच पुढे जाते. प्रसूतीच्या वेळी डोके बाहेर आले आणि खांदा जघनास्थीमागे अडकला, ज्याला प्रसूतितज्ज्ञ शोल्डर डिस्टोशिया म्हणतात, तर मान आणि खांदा यांच्यातील अंतर ताणले जाते आणि त्याबरोबर ही मुळेही ताणली जातात. बाळ वजनाने मोठे असणे, आईला मधुमेह असणे, चिमट्याने वा व्हॅक्यूमने प्रसूती होणे, पायाळू जन्म, ही नेहमीची पार्श्वभूमी. तथापि यातील काहीही नसताना, क्वचित सिझेरियननंतरही, ही इजा आढळते. म्हणून प्रत्येक वेळी प्रसूती करणाऱ्याकडे बोट दाखवणे न्याय्य नाही. साधारणपणे दर हजार जन्मांत एक ते दोन बाळांना ती होते.

इजेचे स्वरूप मात्र सर्वांत सारखे नसते, आणि पुढचा सगळा विचार याच एका गोष्टीवर उभा आहे. सेडन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९४३ मध्ये मज्जातंतूच्या इजेचे तीन प्रकार सांगितले. पहिल्यात तंतू केवळ बधिर होतो, काही आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतो. दुसऱ्यात आतील धागा तुटतो पण वरचे वेष्टन शाबूत राहते, त्यामुळे धागा दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. मानेपासून दंडापर्यंत पोहोचायला त्याला महिने लागतात. तिसऱ्यात तंतू पूर्ण तुटतो. याखेरीज एक चौथी अवस्था आहे आणि ती सर्वांत वाईट: मूळच मज्जारज्जूतून उपटून येते. भिंतीवरील स्विचबोर्डातून वायर ओढून काढली तर दिवा लागत नाही, आणि बोर्ड कितीही फिरवून सरळ केला तरी लागत नाही. तसेच हे.

वरची पाचवी-सहावी मुळे दुखावली की हात अंगाशी चिकटून, कोपरात सरळ, तळवा मागे वळलेला असा राहतो. पाठीमागे हात करून बक्षिसी घेणाऱ्या वेटरसारखा हा हात विद्यार्थिदशेत एकदा पाहिला की विसरत नाही. बोटांची पकड मात्र शाबूत असते. याला एर्बचा पक्षाघात म्हणतात, जरी एर्बच्या १८७४ च्या लेखाआधी, १८७२ मध्ये, फ्रान्सच्या द्युशेनने त्याचे वर्णन केले होते, आणि त्याहीपूर्वी १७६४ मध्ये स्मेली या प्रसूतितज्ज्ञाने असे एक बाळ नोंदवून ठेवले होते. खालच्या मुळांच्या इजेचे वर्णन १८८५ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके या तरुण विद्यार्थिनीने पॅरिसमध्ये केले. पॅरिसच्या रुग्णालयांत स्त्रियांना इंटर्नची जागाही मिळत नव्हती, त्या काळातील ही गोष्ट आहे. पापणी खाली आलेली, बाहुली लहान झालेली दिसली, तर छातीचे पहिले मूळ उपटले गेल्याची शंका घ्यावी, हे आजही तिच्याच निरीक्षणावर आधारलेले आहे.

या आजाराचा इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये त्याचा पायाळू जन्म झाला. आई व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी, वय अवघे १८. त्या वेळी बाळ-बाळंतीण वाचतात की नाही हीच चिंता होती. डावा हात हलत नाही याकडे लक्ष गेले ते पुढील दिवसांत. एर्बचा लेख यायला अजून १५ वर्षे होती, त्यामुळे वैद्यांकडे आजाराला नाव नव्हते आणि उपाय मात्र भरपूर होते. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार शरीरात बाळाचा हात गुंडाळून ठेवीत, जेणेकरून प्राण्याची ऊब आणि बळ हातात उतरावे. विजेचे झटके दिले गेले. डाव्या हाताचा वापर व्हावा म्हणून उजवा हात अंगाला बांधून ठेवला गेला. पुढे मान एका बाजूला वाकू लागली, तेव्हा पाठीच्या कण्यालगत लोखंडी दांडा असलेला पट्टा आणि डोक्याला जोडलेले यंत्र तयार करून घेतले. स्क्रू फिरवून मान सरळ केली जाई. अखेर मानेचा आखडलेला स्नायू शस्त्रक्रियेने कापावा लागला. मान सुधारली. हात सुधारला नाही. मोठेपणी तो उजव्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर आखूड होता. त्याच्या छायाचित्रांत डावा हात नेहमी तलवारीच्या मुठीवर टेकलेला किंवा हातमोजे धरलेला दिसतो, तो याचसाठी.

हे उदाहरण विस्ताराने देण्याचे कारण निव्वळ रंजन नव्हे. मान आणि हात या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, मात्र त्या एकाच बाळात एकत्र असू शकतात, हे त्यातून स्पष्ट दिसते. मानेवर केलेला उपाय मानेला लागू पडला. हाताच्या मज्जातंतूला त्याने काहीही दिले नाही.

आता पाठीच्या कण्याचा संबंध कोठे येतो ते पाहू. पहिला संबंध इजेच्या क्षणाचा: मूळ उपटले जाते ते मानेच्या मणक्यांच्या आतून, आणि अगदी क्वचित मज्जारज्जूलाही धक्का बसतो. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मुळांतून येतो, म्हणून हात लुळा असलेल्या बाळाला धाप लागत असेल तर छातीचा एक्स-रे अवश्य काढावा. दुसरा संबंध पहिल्या काही महिन्यांतील: बाळ लुळ्या हाताकडे पाहत नाही, मान विरुद्ध दिशेला वळवून झोपते, मानेचा स्नायू आखडतो, डोके एका बाजूने चपटे होते. तिसरा संबंध वर्षांनी लक्षात येतो. खांद्याचे स्नायू असमान झाल्याने हात आतल्या बाजूस वळलेला राहतो, खांद्याच्या सांध्याची खोबण नीट घडत नाही, आणि मूल हात तोंडाकडे नेताना कोपर वर उचलते, तुतारी फुंकणाऱ्यासारखे. खांदा वळत नाही ती उणीव फऱ्याचे हाड आणि धड भरून काढतात. फरा वर सरकतो, मूल एका बाजूला झुकते, हात आखूड राहिल्याने वजन असमान पडते. वाढीच्या वयात अशा मुलांच्या कण्याला बाजूचा बाक दिसू शकतो, बहुधा सौम्य.

हा बाक दोन प्रकारचा असतो. मुलाला पुढे वाकायला सांगितले, की बसण्याउभे राहण्याच्या सवयीने आलेला बाक नाहीसा होतो. मणके स्वतः फिरले असतील तर पाठीची एक बाजू उंचवट्यासारखी वर येते. विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही साधी तपासणी शाळेच्या व्हरांड्यातही करता येते. एक्स-रेवर बाक १० अंशांपेक्षा अधिक असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणायचे. वाढीच्या वयात तो वाढत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ पट्टा देतात. कारण अज्ञात असलेल्या स्कोलिओसिसमध्ये पट्ट्याचा उपयोग होतो हे २०१३ मध्ये अमेरिकेत व कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीत इतक्या स्पष्टपणे दिसले, की ती चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली. मणक्यांना झटके देऊन असा बाक थांबतो, याचा तशा तोडीचा पुरावा नाही.

कायरोप्रॅक्टिकची कथा १८ सप्टेंबर १८९५ पासून सांगितली जाते. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाचा, चुंबकीय उपचार करणारा एक गृहस्थ राहत असे. त्याने हार्वे लिलार्ड या बहिऱ्या झालेल्या माणसाच्या पाठीचा एक मणका दाबून जागेवर बसवला, आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा त्याचा दावा. सरकलेला मणका मज्जातंतूवर दाब आणतो आणि त्यातून रोग होतात, असा सिद्धान्त त्याने मांडला. मणक्याच्या या सरकण्याला त्याने सबलक्सेशन म्हटले. वैद्यकीय वाचकांना सांगायला नको, की श्रवणाचा मज्जातंतू कवटीच्या आतूनच मेंदूच्या खोडाला मिळतो, पाठीच्या मणक्यांतून तो जातच नाही. पुढे ही विद्या बदलली. आजचा प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर अनेक वर्षे शरीररचना शिकतो, त्यातील कित्येक जण पामरचा सिद्धान्त मानीत नाहीत. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या वैधानिक परिषदेनेच २०१० मध्ये सांगितले, की सबलक्सेशन ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती रोगाचे कारण असल्याचा दावा करण्याजोगा संशोधनाचा आधार तिला नाही.

प्रौढांच्या कंबरदुखीत मणक्यांच्या हाताळणीचा थोडाफार उपयोग होतो, व्यायाम वा इतर उपायांइतकाच, हे मान्य करायला हवे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ मध्ये तिला औषधाविना करायच्या उपायांत स्थान दिले आहे, अर्थात पुरावा कमी दर्जाचा असल्याची नोंद करून. जन्मतः ब्रॅकियल प्लेक्ससची इजा झालेली व्यक्ती चाळिशीला येते तेव्हा निरोगी हातावरचा वर्षानुवर्षांचा भार, मानेचे व पाठीचे दुखणे ही तक्रार खरी असते. अशा व्यक्तीला पाठीच्या स्नायूंवर हलक्या हाताने केलेल्या उपचाराने बरे वाटले, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. मानेला झटका देणे मात्र टाळावे. मानेतील धमनीचा आतील पदर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये या संबंधाची दखल घेतलेली आहे. आधीच मुळे दुखावलेल्या मानेवर हा धोका पत्करण्याचे कारण काय?

तो कडक आवाज ऐकून मणका जागेवर बसला असे वाटते, तेही खरे नाही. सांध्यातील द्रवात अचानक पोकळी तयार होते त्याचा तो आवाज आहे. कॅनडातील संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचे एमआरआय चित्रण करून हे दाखवले.

बाळाचा प्रश्न याहून वेगळा आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड, मानेचे अस्थिबंध सैल, मणक्यांचे सांधे आडवे आणि हाडांचे कित्येक भाग अजून कूर्चेचे. शिवाय ज्याला हलवून जागेवर बसवायचे असा सरकलेला मणका त्या मानेत नसतोच. तेथे असतो तो ताणलेला किंवा तुटलेला तंतू. पीडियाट्रिक्स या नियतकालिकात २००७ मध्ये मुलांच्या कण्यावरील हाताळणीच्या दुष्परिणामांचा आढावा आला होता. थेट इजेच्या १४ घटनांपैकी ९ गंभीर होत्या, त्यांत मेंदूभोवती रक्तस्राव आणि दोन्ही पाय लुळे पडणे यांचा समावेश होता. आणखी २० घटनांत रोगाचे निदान लांबले किंवा मेंदूज्वरासारख्या आजारावर हाताळणी केली गेली होती. जगभरच्या उपचारांच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत, पण अशा घटनांची नोंद होणेच दुर्मीळ, हेही लक्षात घ्यावे. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये तेथील कायरोप्रॅक्टिक मंडळानेच दोन वर्षांखालील बालकांच्या कण्यावर अशी हाताळणी करू नये असे अंतरिम धोरण जाहीर केले. २०२३ च्या अखेरीस ते शिथिल झाले, त्यावर आरोग्यमंत्र्यांनी आक्षेप घेतला आणि २०२४ मध्ये बंदी पुन्हा आली. आपल्याकडे तर या व्यवसायासाठी स्वतंत्र वैधानिक परिषदच नाही. पाटीवर कायरोप्रॅक्टर लिहिणाऱ्याने चार वर्षे शिक्षण घेतले की चार आठवडे, हे पालकांनी कसे ओळखावे?

माझ्या मते याहूनही मोठा धोका काळ हातचा जाण्याचा आहे. बहुसंख्य बाळांची इजा सौम्य असते आणि पहिल्या एकदोन महिन्यांत हात आपोआप हलू लागतो. त्या काळात जो कोणी उपचार करीत असेल त्याला श्रेय मिळते, मग तो हाडवैद्य असो, कायरोप्रॅक्टर असो, की खरे सांगायचे तर आपणही. या यशावर त्याची कीर्ती पसरते, आणि ज्याची इजा खोल आहे असे बाळ त्या कीर्तीच्या मागे जाते. माझ्याकडे एक बाळ सातव्या महिन्यात आले होते. जन्माच्या वेळी घरच्यांना "हळूहळू होईल बरे" एवढेच सांगितले गेले होते. पुढे दुसऱ्या शहरात पाच महिने दर आठवड्याला मानेवर उपचार चालले होते. आईच्या हातात तारखांची वही होती, एकही खाडा नव्हता. ती माउली म्हणाली, "आम्ही कशातच कसूर केली नाही हो, डॉक्टर." आणि ते अक्षरशः खरे होते. कोपर अजिबात वाकत नव्हते. आठव्या महिन्यात पायातील मज्जातंतूचा तुकडा घेऊन शस्त्रक्रिया झाली. मुलगा आज सहा वर्षांचा आहे, घास तोंडाशी नेतो. खांदा मात्र पुरता उघडत नाही. लवकर आला असता तर किती फरक पडला असता, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्या आईसमोर तो प्रश्न मी कधी काढलेला नाही.

जुन्या पुस्तकांतून अशा इजा दहात नऊ पूर्ण बऱ्या होतात असे आम्ही वाचले होते. काळजीपूर्वक पाहणी केली तेव्हा २० ते ३० टक्के मुलांत काही ना काही उणीव राहते असे दिसून आले. म्हणून वाट पाहण्याची मर्यादा ठरलेली असावी. महिन्याभरात हात पूर्ण सुधारला नाही, तर बाळ या विषयाच्या जाणकारांकडे पाठवावे, असे कॅनडातील २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पॅरिसचे गिल्बर्ट आणि तासाँ यांनी १९८४ मध्ये तिसऱ्या महिन्यापर्यंत बायसेप्स हलू न लागल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा असे मांडले. टोरांटोचे शल्यचिकित्सक अनेक सांध्यांच्या हालचालींना गुण देतात आणि काही बाळांना नवव्या महिन्यात बिस्किटाची परीक्षा देतात: कोपर अंगाशी धरून ठेवायचे, हातात बिस्किट द्यायचे, आणि ते तोंडापर्यंत जाते का पाहायचे. हात पूर्ण लुळा असून पापणीही उतरलेली असेल तर इतकी वाट पाहायची नसते, निर्णय तिसऱ्या महिन्याच्या सुमारासच होतो. उशीर झाला तर स्नायू वाळतो आणि तंतू पोहोचला तरी स्वीकारणारा कोणी उरत नाही.

हात न हलण्याची इतर कारणेही ध्यानात असावीत. कॉलरबोन वा दंडाचे हाड मोडलेले असू शकते, आणि जन्मतः हलणारा हात आठवड्याने बाळाने हलवणे बंद केले तर खांद्याच्या सांध्यात पू झाल्याची शंका आधी घ्यावी. तेथे एका दिवसाचा विलंबही सांधा गमावण्यास पुरेसा आहे. अशा बाळाची मान कोणी चोळत बसला तर काय होईल, याची कल्पना करावी.

घरी करायचा उपचार साधा, कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा आहे. फिजिओथेरपिस्ट आईला खांदा, कोपर, मनगट यांचे व्यायाम शिकवतो. त्यातील मुख्य व्यायाम म्हणजे कोपर अंगाशी ठेवून, फरा एका हाताने दाबून धरून, हात हळुवार बाहेर वळवणे. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना तो केला की दिवसाचे सात-आठ वेळा होतो. हा व्यायाम तंतू जोडत नाही. तंतू येईपर्यंत सांधा मोकळा ठेवतो. मानेचा आखडलेला स्नायूही अशाच सावकाश ताणण्याने आणि बाळाला पोटावर खेळवण्याने बहुतेकदा सुटतो. ज्यांना खाजगी उपचार परवडत नाहीत त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर सुरू झालेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत फिजिओथेरपिस्टची सोय ठेवलेली आहे.

बाळाला न्हाऊ घालणारी बाई येत असेल तर तिला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगावे: दोन्ही हात छातीवर आडवे ओढून कडकड वाजवायचे नाहीत, काखेत धरून उचलायचे नाही, मान झटक्याने फिरवायची नाही. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. झबले घालताना अधू हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. दूध पाजताना तो हात खाली लोंबकळू न देता दुपट्याची घडी करून त्याखाली ठेवावी, आणि पाळण्यातील खेळणे अधू हाताच्या बाजूला बांधावे, म्हणजे बाळ मान तिकडे वळवील.